अंतराळाचे चित्रपट : कोणते पाहावेत व कसे पाहावेत

महोत्सवी वर्षात सभासदांच्या कुटुंबीयांकरिता काही चित्रपट दाखवावेत, अशी सूचना पुढे आली तेव्हा पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांची नावे भराभर निघाली. एका तरुण सभासदाने अंतराळविषयक चित्रपटांचे नाव काढताच मात्र ‘ती राक्षसांची आणि बंदुकांची मारामारी मुलांना कशाला दाखवायची?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे. ह्या जातीच्या चित्रपटांपैकी निम्म्याहून अधिक मारामारीचेच असतात व त्यांतले अंतराळ म्हणजे काळ्या पडद्यावर टाचलेल्या चांदण्या, ह्यापलीकडे काही नसते. परंतु २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले, तेव्हा घरोघरची मुले श्वास रोखून बसली होती हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या मुलांना चंद्र म्हणजे आता मामाचा वाडा राहिलेला नाही. त्यांच्या पुढ्यात काय ठेवावयाचे, हे ठरविण्यापूर्वी आपण वडील मंडळींनी थोडी माहिती करून घ्यावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम दोन शास्त्रीय गोष्टी सांगितल्या पाहिजेत; कारण चांगला अंतराळपट कोणता, ह्याची पारख पुष्कळदा त्यांवरच होते. पहिली अशी की, अंतराळात हवा नाही व हवा नाही तेथे ध्वनी नाही. यान फुटले तरी बाहेर आवाज व्हावयाचा नाही. दुसरी गोष्ट वजनाची. यानातील माणसे तरंगतात ती तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. मग माणसे तरंगतात का? तर यान व माणसे दोन्ही एकाच वेगाने सारखी पडत असतात म्हणून. विहिरीवर पाणी शेंदताना दोर तुटला तर पोहरा पडतो व त्यातले पाणीही त्याच्याबरोबर पडते. त्या क्षणापुरता पाण्याचा भार पोहऱ्याच्या बुडावर नसतो. स्थानक असेच पडत असते, पण त्याला आडवा वेग एवढा असतो की, ते पडता पडता पृथ्वीला वळसा घालीत राहते.

आता चित्रपटांकडे वळू. पहिला मान निर्विवादपणे फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस ह्याचा. १९०२ साली त्याने ‘चंद्राची सफर’ हा मूकपट काढला. लांबी जेमतेम १३-१४ मिनिटे. पोथ्यापुराणांतल्या ऋषींसारखे झगे घातलेले ज्योतिषी सभा भरवतात, एका प्रचंड तोफेतून गोळ्यात बसून चंद्रावर जातात, आणि तो गोळा चंद्राच्या मुखड्याच्या थेट डोळ्यात जाऊन रुततो. हे दृश्य आज सव्वाशे वर्षांनंतरही जगभर ओळखले जाते. तोफेची कल्पना ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीतली. शास्त्र म्हणून ती टिकत नाही. तोफेच्या एका दणक्यात एवढा वेग दिला तर आतल्या माणसांचा चेंदामेंदा होईल. पण मेलिएस शास्त्रज्ञ नव्हताच. तो पॅरिसमधल्या एका जादूच्या नाट्यगृहाचा मालक होता आणि चित्रपट हा त्याच्या दृष्टीने जादूचाच नवा प्रकार होता. येथे आपल्याला दादासाहेब फाळके ह्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळकेही जादूचे प्रयोग करीत व ‘केळफा’ असे स्वतःचे नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून रंगमंचावर येत. चित्रपटाच्या आरंभकाळी पडद्याची जादू हातचलाखी जाणणाऱ्यांना आधी उमगली, हे योग्यच झाले. मेलिएसच्या नशिबी मात्र हाल आले. त्याच्या चित्रपटाच्या चोरट्या प्रती अमेरिकेत खपल्या, धंदा बुडाला, आणि उतारवयात त्याला पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळण्यांचे दुकान चालवावे लागले. त्या चित्रपटाची हाताने रंगविलेली एक प्रत पुढे १९९३ साली बार्सिलोनात सापडली. ती अतिशय जीर्ण झालेली होती. पुष्कळ खटपटीनंतर २०११ मध्ये ती पुन्हा पाहता येण्याजोगी करण्यात आली.

ज्या चित्रपटाबद्दल मला जास्त लिहावयाचे आहे तो जर्मनीत निघालेला, फ्रिट्झ लांग ह्याचा ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी तो बर्लिनमध्ये प्रथम दाखविण्यात आला. हाही मूकपट आहे व बराच लांब आहे. पहिला तास-सव्वातास हेरगिरीच्या भानगडीत जातो व तो थोडा कंटाळवाणा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. चंद्रावर सोने आहे, असे मानणारा एक वृद्ध प्राध्यापक, एक यंत्रज्ञ, त्याचा मित्र, मित्राची वाग्दत्त वधू, सोन्यावर डोळा ठेवणारा एक लबाड माणूस आणि चोरून यानात शिरलेला एक पोरगा, अशी ही मंडळी निघतात. पण अग्निबाण उडण्याचा प्रसंग आला की, आजचा प्रेक्षक ताठ बसतो. उंच इमारतीतून उभा अग्निबाण रुळांवरून संथपणे बाहेर येतो. आत माणसे उताणी निजून प्रवेगाचा भार सोसतात. इंधन संपलेले भाग एकेक करून गळून पडतात. वजन नाहीसे झाल्यावर पाय अडकविण्यासाठी जमिनीला पट्टे लावलेले आहेत. माणसाला घेऊन अग्निबाण प्रत्यक्ष उडाला तो ह्यानंतर ३२ वर्षांनी, १९६१ मध्ये! आणि उडण्यापूर्वी आकडे उलटे मोजण्याची पद्धत? तीही ह्या चित्रपटातली. पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत जातात व आकडे उतरत जातात. सरळ मोजत गेलो तर कधी थांबणार हे प्रेक्षकाला कळणार नाही, उलटे मोजले तर शून्याची धास्ती वाटेल, असा हा नाटकी हिशेब होता, असे लांगने पुढे सांगितले आहे. श्रीहरिकोट्याहून यान सुटताना आपण जी उलटी मोजणी ऐकतो, तिच्या मागे एका चित्रपट दिग्दर्शकाची ही युक्ती आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एवढा नेमकेपणा आला कोठून? तर लांगने हेर्मान ओबेर्थ ह्या शास्त्रज्ञाला सल्लागार म्हणून घेतले होते. ओबेर्थने १९२३ साली अग्निबाणाने ग्रहांपर्यंत कसे जाता येईल, ह्यावर ग्रंथ लिहिलेला होता. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्याने एक खरा अग्निबाण उडवून दाखवावा, असेही ठरले. तो काही वेळेवर तयार झाला नाही. उलट प्रयोगात स्फोट होऊन ओबेर्थच्या डोळ्याला इजा झाली. चंद्रावर मात्र लांगने शास्त्राला रजा दिली. त्याच्या चंद्राच्या पलीकडील बाजूस श्वास घेण्याजोगी हवा आहे, आणि पात्रे शिरस्त्राण काढून खुशाल हिंडतात. मुलांना ही चूक स्वतःहून सापडू द्यावी. त्यांना त्यात मोठी मौज वाटते.

ह्या चित्रपटाच्या कथेची व पटकथेची लेखिका होती लांगची पत्नी थेआ फोन हार्बो. आमच्या सीमाभागातील वाचकांना ह्यापुढची हकीकत विशेष वाटेल. लांगपासून विभक्त झाल्यावर ह्या बाईंनी ज्यांच्याशी गुपचूप विवाह केला ते गृहस्थ होते आयी गणपत तेंडुलकर, आपल्या बेळगावजवळच्या बेळगुंदी गावचे! शिक्षणासाठी जर्मनीत गेलेले, तेथे पत्रकारिता करणारे तेंडुलकर वयाने बाईंपेक्षा बरेच लहान होते. महायुद्धाच्या तोंडावर ते मायदेशी परतले व त्या दोघांची ताटातूट झाली ती कायमचीच. पुढे तेंडुलकरांनी इंदुमती गुणाजी ह्यांच्याशी विवाह केला. त्या लग्नाला गांधीजींचा आशीर्वाद होता. त्यांच्या कन्येने ही सारी कहाणी अलीकडे इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिली आहे. बेळगुंदीच्या वाटेने जाताना जगातल्या पहिल्या शास्त्रशुद्ध चंद्रपटाची आठवण काढणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

ह्या हकीकतीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. लांग १९३३ मध्ये हिटलरचा जर्मनी सोडून गेला. थेआ फोन हार्बो मागे राहिली व नाझी पक्षाची सभासद झाली. ओबेर्थच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या तरुणांत वेर्नर फोन ब्राउन नावाचा विद्यार्थी होता. त्याच्या मंडळींनी पुढे सैन्यासाठी जो अग्निबाण बनविला तो ‘व्ही-२’. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले, तेव्हा त्याच्या अंगावर ‘चंद्रावरची स्त्री’ ह्या चित्रपटाचे चित्र रंगविलेले होते. ह्याच अग्निबाणांनी १९४४ पासून लंडन व अँटवर्प येथील नागरिकांचे बळी घेतले. आणि ते भूमिगत कारखान्यात बनविताना छळछावणीतील जे कैदी मेले, त्यांची संख्या तर अग्निबाणांखाली मेलेल्यांहूनही अधिक होती. नंतर हाच फोन ब्राउन अमेरिकेत गेला व १९६९ मध्ये माणसाला चंद्रावर नेणारा ‘सॅटर्न-५’ त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. चित्रपट पाहून झाल्यावर थोरल्या मुलांशी बोलावयाचे असेल तर ह्यावर बोलावे. दहावी-अकरावीच्या मुलांना हे समजते. आपल्यालाच वाटते की समजणार नाही.

ह्याच काळात रशियातही असा एक प्रयत्न झाला. १९३६ चा ‘कोस्मिचेस्की रेइस’ म्हणजे ‘अंतराळ-प्रवास’ हा झुराव्ह्लेव्हचा मूकपट. त्याला सल्ला होता कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की ह्या अग्निबाणविद्येच्या आद्य आचार्याचा. परंतु चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वीच, १९३५ मध्ये, ते वारले. त्यात प्रवासी उड्डाणाच्या वेळी द्रवाने भरलेल्या टाकीत उभे राहतात, ही कल्पना त्यांचीच. १९५० साली अमेरिकेत निघालेला ‘डेस्टिनेशन मून’ हा रंगीत बोलपट सरळसोट आहे, पण अग्निबाण पुढे कसा जातो हे समजावण्यासाठी त्यात एक व्यंगचित्रपट घातला आहे, तो शाळेत स्वतंत्रपणे दाखवावा इतका सुबोध आहे.

स्टॅन्ली कुब्रिक ह्याचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा १९६८ चा चित्रपट ह्या सर्वांचा मुकुटमणी मानला जातो व माझ्या मते ते खरे आहे, जरी पहिल्यांदा पाहताना मला तासाभरात डुलकी लागली होती. अडीच तासांच्या आसपास चालणाऱ्या ह्या चित्रपटात सुरुवातीची सुमारे २५ मिनिटे एकही शब्द उच्चारला जात नाही. शेवटही निःशब्द आहे. ज्याला गोष्ट हवी त्याने तिकडे फिरकू नये. कथा कुब्रिक व श्रीलंकेत स्थायिक झालेला लेखक आर्थर क्लार्क ह्या दोघांनी मिळून रचली. माणूस चंद्रावर पोहोचण्यापूर्वी वर्षभर अगोदर निघालेला हा चित्रपट. तरीही त्यातील अंतराळ खरे वाटते, कारण त्यात गडबड नाही. यान बाहेरून जाताना आवाज नाही. कोठे युरोपीय संगीताचे सूर, कोठे फक्त माणसाच्या श्वासाचा आवाज, कोठे पूर्ण शांतता. पृथ्वीवरून घेतलेल्या मुलाखतीत निवेदक सांगतो की, शब्द पोहोचावयास सात मिनिटे लागली. हिशेब करून पाहावा: प्रकाश व बिनतारी लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात, सात मिनिटांत त्या सुमारे साडेबारा कोटी किलोमीटर जातील. एवढ्या लांबच्या माणसाला ‘हॅलो’ म्हटले तर उत्तर यावयास १४ मिनिटे लागतात. बहुतेक अंतराळपटांत मात्र सेनापती दूरच्या ग्रहावरून शेजारच्या खोलीतल्यासारखे बोलतात.

ह्या चित्रपटासाठी इंग्लंडमध्ये ३८ फूट व्यासाचे एक फिरते चक्र बांधण्यात आले होते. त्याच्या आतल्या कडेवरून यात्री धावतो, आणि पाहणाऱ्याला तो भिंतीवरून छतावर व छतावरून खाली धावताना दिसतो. खरे पाहता नट तळालाच धावत असे व चक्र त्याच्याभोवती फिरे. कॅमेरा चक्राला जखडलेला असल्यामुळे उलटे भासे. यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसलेल्यांना हे चटकन समजेल. चक्राच्या फिरण्याने बाहेरच्या बाजूस जो भार वाटतो, तोच अंतराळात वजनाच्या जागी वापरावयाचा, हा त्यामागचा सिद्धांत खरा आहे. फक्त एवढ्या लहान चक्रात पृथ्वीवरच्याइतके पूर्ण वजन हवे असेल तर ते मिनिटाला बारा वेळा फिरवावे लागेल, आणि पायांपेक्षा डोक्याशी भार जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असल्याने माणसाला घेरी येईल. म्हणून चित्रपटात पूर्ण वजनाचा आग्रह धरलेला नाही. एका दृश्यात निद्रिस्त प्रवाशाच्या हातून सुटलेली लेखणी हवेत तरंगते. ती एका काचेला चिकटविलेली होती व काच हळूहळू फिरवीत होते; एवढाच काय तो चमत्कार. दोन चुकाही सांगतो. शिरस्त्राणाशिवाय निर्वात जागेतून क्षणभरात आत शिरणारा नायक श्वास रोखून धरतो. तसे केल्यास फुप्फुसे फाटतील, श्वास आधी सोडून द्यावयास हवा. आणि चंद्रावरची माणसे दालनात चालताना पृथ्वीवरच्यासारखी चालतात. बाकी हॅल नावाचा जो बोलका गणकयंत्र-पुरुष त्यात आहे, तो आपल्या यात्रेकरूंशी कसा वागतो, हे येथे फोडून सांगत नाही. यंत्रांशी बोलण्याची सवय लागलेल्या आजच्या मुलांना तो भाग आपल्यापेक्षा अधिक भिववील.

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्की ह्याचा ‘सोलारिस’ (१९७२) आणखी संथ आहे. स्तानिस्लाव लेम ह्या पोलिश लेखकाच्या कादंबरीवरून तो घेतला आहे. एका ग्रहावरचा समुद्र माणसाच्या मनातल्या मृत व्यक्तींना जिवंत करून त्याच्यापुढे उभे करतो, एवढीच कल्पना, यंत्रे नाममात्र. ज्यांचे जवळचे माणूस गेले आहे त्यांनी तो एकट्याने पाहावा, समारंभात नव्हे.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) पाहू नये असे मी म्हणणार नाही. नातवंडे ऐकणारही नाहीत. ती परीकथा आहे, राजकन्या, राक्षस व जादूची तलवार असलेली; अंतराळ हे तिचे जंगल. तोफांचे आवाज ऐकू येतात म्हणून तिच्यावर रागावणे म्हणजे मारुती उडाला कसा, हे विचारण्यासारखे आहे. ‘एलियन’ (१९७९) उत्तम बांधलेला भयपट आहे, परंतु तो लहान मुलांना दाखवू नये. येथे आमच्या शंकेखोर सभासदांशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्याकडे दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ १९६७ सालीच निघाला. त्यात शास्त्र शोधू नये, कुस्ती पाहावी. तेलुगूतील ‘अंतरिक्षम् ९००० केएमपीएच’ (२०१८) हा त्या मानाने गंभीर प्रयत्न आहे.

अलीकडच्यांपैकी ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) दीड तासात संपतो व मोठ्या पडद्यावर छाती दडपवितो. त्याच्या निर्मितीचा खर्च आपल्या मंगळयानाच्या खर्चाहून जास्त होता, हे तर त्या वेळी सर्वतोमुखी झाले. त्यातली मोठी चूक अशी की, हबल दुर्बीण व अवकाश स्थानक ह्यांच्या कक्षा वेगळ्या उंचीवर व वेगळ्या तिरकसपणाने असताना नायिका एकीकडून दुसरीकडे जणू गल्ली ओलांडते. ‘द मार्शियन’ (२०१५) मध्ये मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे लावून जगतो. शेतकरी घरातल्या मुलांना तो फार आवडेल. आरंभीचे वादळ मात्र खोटे. मंगळावरची हवा पृथ्वीच्या हवेच्या सुमारे एक टक्का एवढीच दाट. ती यान काय पाडणार?

ख्रिस्तोफर नोलनचा ‘इंटरस्टेलर’ (२०१४) दोष असूनही मी आवर्जून सुचवीन. त्याला सल्ला होता किप थोर्न ह्या भौतिकशास्त्रज्ञाचा, ज्यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील कृष्णविवराचे चित्र आइनस्टाइनच्या समीकरणांवरून गणकयंत्राने काढलेले आहे. मागच्या बाजूचा प्रकाश वाकून वरून व खालून दिसतो, म्हणून तेजाचे कडे डोक्यावर उचलल्यासारखे वाटते. खऱ्या कृष्णविवराचे पहिले चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कथेत कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास घालविला की, पृथ्वीवर सात वर्षे उलटतात. थोडा वेळ खाली उतरलेला नायक यानात परत येतो तेव्हा घरची २३ वर्षे सरलेली असतात. साठलेले निरोप तो ओळीने पाहतो, व लहान सोडून आलेली मुले डोळ्यांदेखत मोठी होत जातात. आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना ह्या दृश्याचे शास्त्र समजावून सांगावे लागत नाही.

कृष्णविवर हा विषय मराठी वाचकाला ह्या चित्रपटाने दिला असे मात्र कोणी समजू नये. डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली होती, तीही ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपण नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. आपल्या कीर्तीमुळे परीक्षक वाकू नयेत म्हणून. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मूळचे कोल्हापूरचे डॉ. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. चित्रपट पाहण्यापूर्वी ती कथा मुलांकडून मोठ्याने वाचून घेता आली तर उत्तम.

दाखविण्याचा क्रम विचाराल तर पहिल्या दिवशी मेलिएसचा छोटा मूकपट व त्याला जोडून ‘द मार्शियन’ ठेवावा. लांगचा चित्रपट थोरल्यांसाठी, मधला भाग तेवढा निवडून. आणि ‘२००१’ रविवारी सकाळी, जेवणापूर्वी, म्हणजे डोळा लागणार नाही. मेलिएसच्या काळी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगत असे. आपणही तसेच करावे. चौदा मिनिटांचे निवेदन आहे. आठवी-नववीतल्या एखाद्या धीट मुलीकडे द्यावे, आणि चंद्राच्या डोळ्यात गोळा रुतेल तेव्हा पेटीवर सूर धरावयाला कोणीतरी बसवावे.